रॅम्प कायले?

१२ जानेवारी, रविवार

सुनीती बोलत नाही. सकाळी बोलत होती. शिल्पबागेतून आल्यापासून — बंद!

घडलं ते चांगलंच घडलं, असं माझं मत. पाठीच्या ऑपरेशनपासून बायको व्हीलचेअरवर. पण हाडाची चित्रकला-शिक्षिका. यवतमाळबाहेर टेकडीवर वणीच्या खाणींतल्या भंगाराची शिल्पं उभी राहिली म्हटल्यावर घरात बसेल? मोठं शिल्प अगदी वर. मध्ये पायऱ्या. रॅम्पच्या जागी नुसती चुन्याची रेघ. चौकीदार नागोराव म्हणाला, "वयनी, फिकर कायले करता? आमी आहो ना!" चौघांनी खुर्चीसकट उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर सगळे विचारू लागले, कसं वाटलं? "छान," म्हणाली. आणि लगेच, "खाली न्या." शिल्पाकडे धड पाहिलंही नाही!

पाठशाळेत एवढं संस्कृत घोकलं. बायकोच्या मौनाचा अन्वय लावायला कुणी शिकवलं नाही.

१३ जानेवारी

बातमी पाठवली. फोटोसकट. 'शिल्पबागेत माणुसकीचे दर्शन'.

१४ जानेवारी, संक्रांत

पहिल्या पानावर! शेजारच्या गौरीताई तिळगूळ घेऊन आल्या. "भाग्यवान बाई तुम्ही, पेपरात आल्या!" सुनीतीनं त्यांच्या हातावर लाडू ठेवला. 'गोड बोला' म्हणायचं राहिलं. मला तर लाडूही नाही.

१५ जानेवारी

आज एक वाक्य मिळालं. "त्यांनी मला नेलं. मी गेले नाही."

कर्ता, कर्म, सगळं स्वच्छ. अर्थ मात्र —? होती की तिथेच!

२० जानेवारी

बागेचे व्यवस्थापक इंद्रजित यांना फोन केला. रॅम्प कधी?

"आता रॅम्प कायले, सर? तुमची बातमी फ्रेम करून गेटवर लावली. कोणीबी या, आमी उचलतो! त्या जागेत कारंजं करून राह्यलो."

आपल्या लेखणीनं काही बदलत नाही, अशी खंत होती मला. बदललं!

फोन स्पीकरवर होता. सुनीती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चौघं घाम पुसत उभे. मी किती वेळ शिल्प पाहत बसायचं हो?"

हे मला सुचलंच नव्हतं. फोटोत घाम दिसत नाही. पण चिडली माझ्यावर का? मी तर हातही लावला नव्हता!

२३ जानेवारी

दुसरी बातमी दिली — 'शिल्पबागेत वर जायला वाट नाही'. डेस्कवरचा सलील म्हणतो, "सर, दहा दिवसांत माणुसकी संपली का?" छापली, सहाव्या पानावर, मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली.

२४ जानेवारी

नागोरावचा फोन. "भाऊ, आमी काय कमी पडलो जी?"

त्याला काय सांगू? मलाच अर्धं कळलंय.

१८ फेब्रुवारी

कारंजं थांबलं. रॅम्प सुरू! इंद्रजितना म्हटलं, वाचली वाटतं बातमी? "कोणती बातमी? सर, मॅडम रोज सकाळी फोन करतात!"

रोज? कधी? मी आंघोळीला गेल्यावर?

९ मार्च, रविवार

"तुम्ही खालीच थांबा," म्हणाली. थांबलो. नागोरावही थांबला. चाकं स्वतः फिरवत, मध्ये दम खात, गेली. आम्ही दोघं माना वर करून. बराच वेळ दिसेना.

उतरली तेव्हा तळवे काळे, चेहरा लाल.

"कसं आहे शिल्प?"

"भिकार!" म्हणाली. "पुढच्या रविवारी परत येणार आहे मी."