तीन रेघांचा रेडिएटर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मी, ज्ञानदा गोपाळ बोरामणीकर, वय पंचवीस, शाळेत प्रयोगशाळा सहायक, राहणार जुळे सोलापूर, आधी एक चूक दुरुस्त करते आणि मग मृत्युपत्र लिहिते.

दिनांक १६ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिलेल्या माझ्या पहिल्या मृत्युपत्रात, कलम चारमध्ये, मी असे नमूद केले होते की अक्कलकोट रोडवरील गॅरेजचे मालक श्री. रुद्रप्पा कोनापुरे यांनी आमच्या गाडीत नवा रेडिएटर न बसवता जुनाच धुऊन-पुसून बसवला, सबब माझ्या मालमत्तेतला एक स्क्रूसुद्धा त्यांना देऊ नये. हे साफ खोटे आहे. रेडिएटर नवाच होता व आहे. ते संपूर्ण मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. एकदा रद्द म्हटले की सगळी कलमे रद्द होतात, असे आमचे शेजारी ॲडव्होकेट देवदत्तकाका सांगतात. तरी कलम चार मी वेगळे रद्द करते.

माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब काल मोजला, ठीक आहे. हा लेख मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. शकुंतलाआत्या समोर बसून कुरडयांचा चीक ढवळते आहे आणि दर पाच मिनिटांनी म्हणते, "लग्नाच्या वयात मृत्युपत्र लिहिणारी पोरगी मी पहिल्यांदा बघते." याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, हेही काकांना विचारून घेतले आहे.

घाई एवढ्यासाठी की बाबांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत, आणि येत्या काही दिवसांत गाडी मला एकटीला शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालवत न्यायची आहे. आजवर मी ती कॉलनीच्या चार गल्ल्यांत चालवली आहे, त्याही दुपारी.

कलम १. स्थावर मालमत्ता मला नाही. घर बाबांच्या नावावर आहे. पोस्टातल्या माझ्या ठेवी आत्याला द्याव्यात. तिने त्या स्वतःवर खर्च कराव्यात, माझ्या धाकट्या भावाला, अनीशला, पुण्याला लाडू पाठवण्यावर नव्हे.

कलम २. हे कलम मालमत्तेचे नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमची गाडी २००१ सालची आहे, म्हणजे माझ्याएवढीच. बाबा, श्री. गोपाळ बोरामणीकर, गणिताचे निवृत्त शिक्षक. २००३ साली टेंभुर्णीजवळ गाडी बंद पडली, तेव्हा तिथल्या एका गॅरेजवाल्याने आमचा चांगला कार्बोरेटर काढून घेतला आणि कुणाचा तरी थकलेला बसवून दिला. तेव्हापासून बाबांनी एक पद्धत घातली. गाडी गॅरेजला न्यायच्या आदल्या दिवशी ते कानशीने प्रत्येक महत्त्वाच्या भागावर तीन आडव्या रेघा ओढत. भाग बदलला की जुना मागून घेत, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधत आणि जिन्याखालच्या ट्रंकेत ठेवत. रेघा असलेला भाग ट्रंकेत आणि बिनरेघांचा गाडीत, म्हणजे काम चोख.

दुसरा कोणी मेकॅनिक याने दुखावला असता. रुद्रप्पामामांनी पहिल्यांदा रेघा पाहिल्या तेव्हा आपल्या कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सर, गाडीला इभूती लावली की तुमी. लिंगायत झाली. आता माझीच पाव्हणी ही." तेव्हापासून ते आमच्याकडे शेंगाचटणीचा डबा पाठवत आले आणि आमची दुसरी किल्ली त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर, स्वतःच्या घराच्या किल्लीशेजारी टांगलेली राहिली.

मला लहानपणी दमा होता. सातव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. आत्या घरी शिकवायची, बाबा सुट्टीच्या दिवशी गाडीत, आणि गाडी बऱ्याचदा मामांच्या पत्र्याखाली उभी असायची. अक्षरे मी पार्टच्या खोक्यांवरून लावली. आकडे पान्यांवरून: आठ-नऊचा पाना, दहा-अकराचा, बारा-तेराचा. मामा मागायचे तो पाना मी उचलून द्यायची. चुकीचा दिला तर ते रागावत नसत. "ह्यो लई मोठा हाय, ज्ञाना. नट आजून लहान हाय, तुझ्यावानी," म्हणायचे. कन्नडमधले दहापर्यंतचे आकडे मला आजही मराठीआधी आठवतात.

आता माझी करणी. गेल्या एप्रिलमध्ये रेडिएटर गळू लागला. नवा आणायला मी दुकानात गेले. मनात आले, हा नवा गॅरेजमध्ये पोचल्यावर कोणी काढून घेऊन हलका बसवला तर? मामांवर संशय नव्हता. माझा संशय कोणा एकावर नसतो, तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो. मी ओढणीची पिन काढली आणि दुकानाच्या काउंटरवरच नव्या रेडिएटरच्या खालच्या बाजूला तीन रेघा ओरखडल्या. घरी आले आणि विसरले.

सप्टेंबरमध्ये बाबा आणि मी सर्व्हिसिंगला गेलो होतो. मामांनी गाडी वर उचलली होती. मी वाकून पाहिले आणि मला त्या तीन रेघा दिसल्या.

गॅरेजमध्ये पाच गिऱ्हाइके होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, हा जुना आहे."

"नवा हाय, ज्ञाना. तूच आणलास की."

"मग रेघा कशा? आणि जुना कुठाय? आमच्याकडे आलाच नाही."

"दिला की घरी."

"कोणाला?"

"बाईंना. शकुंतलाबाईंना."

मी तिथूनच आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "रेडिएटर? मला नाही गं कुणी रेडिएटर दिला." मी फोन स्पीकरवर ठेवला होता, हे इथे कबूल करते.

बाबा हळूच म्हणाले, "ज्ञानू, नीट आठव."

"आठवलंय, बाबा."

रुद्रप्पामामांनी हात पुसले. भिंतीवरची आमची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "गाडी तुमची हाय, मॅडम. न्या." त्यांनी मला मॅडम म्हटल्याची ती पहिली वेळ. परत येताना इंजिन मुळीच तापले नाही, याकडे मी लक्ष दिले नाही.

सत्य दिनांक ५ मार्च रोजी गच्चीवर सापडले. कुरडयांचा हंगाम सुरू झाला म्हणून आत्याला मदत करायला वर गेले. वाळवणाचे कापड वाऱ्याने उडू नये म्हणून तिने एका कोपऱ्यावर दगड, एका कोपऱ्यावर पाटा आणि एका कोपऱ्यावर आमचा जुना रेडिएटर ठेवला होता. त्यावर बाबांच्या तीन रेघा होत्या, कानशीच्या, खोल. गाडीतल्या रेघा आठवल्या. त्या बारीक होत्या, पिनेच्या. मी तिथेच कुरडयांत बसले.

"आत्या, हे काय आहे?"

"ती जाळी होय? रुद्रप्पांनी आणून दिली गेल्या साली. मला वाटलं, वाळवणालाच दिली. किती समजूतदार माणूस, म्हटलं."

"आत्या, हा रेडिएटर आहे."

"मग तसं म्हणायचं नाही का त्यांनी? ते म्हणाले, 'जुनं हाय, ठेवा.' मी ठेवलं."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून बाबांनी विचारले, कोण पडले. हसून झाल्यावर मला रडू आले आणि आत्याने मला ओल्या कुरडया खायला दिल्या.

कलम ३. गाडी, जी बाबांनी माझ्या नावावर केली आहे. हिची नोंदणी १७ एप्रिल २०२६ ला संपते. तपासणीत पास झाली तर आणखी पाच वर्षे मिळतील. सप्टेंबरनंतर, बाबा चालवत होते तोवर, आम्ही ती दोन गॅरेजमध्ये दाखवली. एकाने बॉनेट न उघडताच सांगितले, "पार्ट मिळत नाहीत, भंगारात घाला." दुसऱ्याने उघडून तेच सांगितले. अनीश फोनवर म्हणतो, "ताई, तुम्ही गाडी पाळलीये का म्हातारी गाय?" रुद्रप्पामामांनी हात लावला तर ती पास होईल, नाही लावला तर नाही. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मला स्वतःला फसवता येणार नाही.

माझ्या पश्चात गाडी श्री. रुद्रप्पा कोनापुरे यांची. त्यांनी ती चालवावी, ठेवावी किंवा तिचे भाग दुसऱ्या गाड्यांना लावावेत. ते जे करतील ते बरोबर असेल. त्यांनी ती नाकारली, आणि तसा त्यांना पूर्ण हक्क आहे, तर ती अनीशची, मात्र त्याने पहिले एक वर्ष दर रविवारी ती स्वतः धुवावी.

कलम ४. ट्रंकेतले भाग. एकूण एकशे बारा, सगळ्यांना चिठ्ठ्या आहेत. पिस्टन, बेअरिंग व गिअर माझ्या प्रयोगशाळेला द्यावेत. नववीच्या मुलांना घर्षण फळ्यावर शिकवलेले कळत नाही, हातात बेअरिंग दिले की कळते. बाकीचे भाग मामांनी निवडून घ्यावेत. जुना रेडिएटर कुरडया वाळेपर्यंत आत्याकडे राहील. त्यानंतरही तिला हवा असेल तर राहील.

कलम ५. पान्यांचा संच व जॅक अनीशला. त्याला ते वापरता येत नाहीत. शिकावे.

कलम ६. राग. हाही मालमत्तेतच धरते, कारण तो मी जपून ठेवला होता.

(अ) अनीशने बारावीत असताना गाडीचा कॅसेट प्लेअर मित्राला देऊन टाकला. माफ.

(आ) बाबांनी त्या दिवशी "नीट आठव" एवढेच म्हटले, ओरडून थांबवले नाही. माफ. मला वाढवताना ते कधी ओरडले नाहीत, एका दिवसापुरते कसे ओरडतील?

(इ) आत्याने एक गोष्ट माझ्यापासून लपवली. दिवाळीत तिला रुद्रप्पामामा मंडईत भेटले होते. त्यांनी विचारले, "सर बरे हायत का? गाडीचा बेल्ट वरडत आसंल थंडीत. दुर्लक्ष करू नगा म्हणावं." मी चिडेन म्हणून तिने हे परवापर्यंत सांगितले नाही. बेल्ट खरेच ओरडत होता. हे माफ करायला मला एक दिवस लागला. माफ.

(ई) स्वतःवरचा राग शिल्लक आहे. तो कोणाला देता येत नाही.

कलम ७. हे कलम मी आधी असे लिहिले होते: "माझ्या पश्चात अनीश बोरामणीकर यांनी श्री. रुद्रप्पा कोनापुरे यांच्याकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागावी." देवदत्तकाकांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ज्ञानदा, घर देता येतं, गाडी देता येते. माफी वारसाकडून मागवता येत नाही. आणि समज, तू नव्वद वर्षं जगलीस तर? त्या माणसाने पासष्ट वर्षं थांबायचं?"

माझी मैत्रीण श्रावणी, जी दुसरी साक्षीदार आहे, म्हणाली, "फोन कर की आत्ता." पण आरोप मी पाच गिऱ्हाइकांसमोर केला होता, स्पीकर लावून. तो फोनवर मागे घेतला तर अर्धाच मागे जाईल. मला तिथे जाऊन, लोक असताना, मोठ्याने बोलावे लागेल. मामा मला पुन्हा मॅडम म्हणाले तरी बोलावे लागेल. त्यांनी गाडीला हात लावायला नकार दिला तरीही. माफी मागणे एक काम आहे आणि गाडी पास करून घेणे दुसरे. पहिले दुसऱ्यावर अवलंबून ठेवणार नाही.

सबब मूळ कलम सात खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. नवे कलम सहीनंतर लिहिते, कारण ते माझ्या मृत्यूनंतर अमलात यायचे नाही.

वरील लेख मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, आत्याला मोठ्याने वाचून दाखवला (ती रेडिएटरच्या भागाला पुन्हा हसली) आणि साक्षीदारांसमक्ष सही केली. रुद्रप्पामामांना साक्षीदार केले नाही. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष देऊ नये, असे काकांचे मत पडले.

सही: ज्ञानदा गोपाळ बोरामणीकर

साक्षीदार:
१. ॲड. देवदत्त रामचंद्र जोशी, जुळे सोलापूर
२. श्रावणी पंचाक्षरी हिरेमठ, सोलापूर

स्थळ: सोलापूर
दिनांक: रविवार, ८ मार्च २०२६

नवे कलम ७. सोमवारी मामा आधी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात आणि गॅरेज उशिरा उघडतात, त्यामुळे गिऱ्हाइके कमी असतात. मंगळवारी साडेदहाला तिथे सगळ्यात जास्त माणसे असतात. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करून घेतली आहे. गाडी मी एकटी चालवत नेणार आहे, दुसऱ्या गिअरमध्ये न्यावी लागली तरी. मंगळवार, दिनांक १० मार्च २०२६, सकाळी साडेदहा.