टेक्याचा पाय

मु. करडी, ता. मोहाडी
९ मार्च २०२५, रविवार

माझ्या बाबूला, म्हणजे चि. देवानंदला, आजाचा पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? डाव्या गुडघ्याला बर्फ लावतोस की कंटाळा करतोस? नातसून रुचिता कशी आहे? तिच्या पायांवर सूज येते म्हणत होती, आता दिवस भरत आले, तर संध्याकाळी पाय उशीवर ठेवून निजत जा म्हणावं. तिची आई बंगळूरला आली आहे ना, त्यांना तिथलं पाणी मानवलं का? तुमचा तो मालिशवाला, ज्यानं तुझी कंबर सरळ केली, त्याला माझा नमस्कार सांग. आणि तो समोरच्या संघातला कुलदीप, त्याचा पाय कसा आहे? प्लास्टर केलं की आत सळी टाकली? पेपरात पाहिलं, काही दिसलं नाही.

इकडचं म्हणशील तर तुझी आजी बायाबाई डोळ्याच्या ऑपरेशनपासून खूश आहे. आता तिला दुरून माझी विडी दिसते, म्हणजे तिचा डोळा उघडला आणि माझं सुख मिटलं. तुझा बाप बाबूलाल ठीक, खांदा दुखतो पण कबूल करत नाही. तुझी माय सुंदरबाई लाखोरीच्या शेंगा मळण्यात गुंतली आहे. शेजारचा डोमा तसाच, दात पडले पण जीभ शाबूत. उन्हाळी धान हिरवागार आहे. तलावाचं पाणी उतरलं, तळातला झिलप्याचा दगड उघडा पडला. मच्छीमार सोसायटीनं ठरवलं की पाडव्यानंतर महाजाल टाकायचं. पहिला दोर तुझ्या हातात द्यायचा असं सगळ्यांचं एकमत झालं आहे. तू सुट्टीवर येणार म्हणून पोरं आतापासून नाचून राहिली.

त्या दोराबद्दलच लिहायचं आहे, पण आधी त्या सामन्याचं लिहितो.

सोसायटीच्या खोलीत पोरांनी मोबाईल टीव्हीला जोडला होता. अर्धं गाव तिथे. तुझा बास्केटबॉल मला पुरा कधी समजला नाही, पण तुझं काम तू मागे समजावून सांगितलं होतंस. म्हणाला होतास, आजा, ज्याची उंची कमी तो पळतो, मी कड्याखाली उभा राहतो, माझी पाठ हीच माझी नोकरी. तेव्हापासून मी चेंडू बघतच नाही, तुझी पाठ बघतो.

त्या दिवशी तू आणि कुलदीप असे भिडलात की काय सांगू. त्यानं ढुंगणानं रेटायचं, तू छातीनं. त्यानं तुझी बनियन ओढली, तू त्याच्या बरगडीत कोपर ठेवलं. आजी म्हणे, "हे खेळून राहिले का भांडून राहिले?" डोमा म्हणाला, "वहिनी, दोन हेले एका डबक्यात उतरले, मंग पाणी तर उडनच." सगळे हसले. मीही हसलो. टीव्हीतला बोलणारा हिंदीत सांगत होता की यालाच तगडा खेळ म्हणतात, मोठ्या गड्यांमध्ये हे चालतंच. मला वाटलं, बरोबर आहे. जाळं ओढताना आपणही काय कमी रेटतो?

मग कुलदीप लांब गेला, तिथून चेंडू टाकायला उडाला. तू धावत गेलास, हात वर केलेस. तो खाली येत होता आणि तुझा पाय पुढे गेला. तो तुझ्या पायावर उतरला. पुढचं तू मोबाईलवर नाही, डोळ्यांनी पाहिलं आहेस.

शिटी वाजली, पण साधीच. तुला बाहेर काढलं नाही. तुमचा संघ जिंकला. बोलणारा पुन्हा तेच म्हणाला, तगडा खेळ.

पण खोलीत कोणी टाळी वाजवली नाही, बाबू. ढिवराची जात आपली, आपली नजर आधी पायावर जाते. डोमा हळूच म्हणाला, "त्याचा पाय कुठी गेला गा?" आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी तुझा आजा आणि दोरावरचा सगळ्यांत म्हातारा, म्हणून.

नातसूनही हे वाचेल, ती शहरातली, म्हणून फोडून लिहितो. महाजाल ओढताना माणसं गुडघाभर गाळात खांद्याला खांदा लावून उभी असतात. पाय दिसत नाहीत. ज्याला पाय उचलायचा त्यानं "पाय" म्हणायचं, आणि शेजाऱ्यानं आपला पाय आहे तिथेच ठेवायचा. खांद्यानं रेट, कंबरेनं रेट, शिव्या दे, सगळं माफ. पण उचललेला पाय जिथे पडणार, तिथे आपला पाय सरकवायचा नाही. जाळ्याचा भार अंगावर असतो, पाय अडकला की घोटा जातो. याला एकच सूट आहे, ती म्हणजे टेका. शेजारी घसरून मागे पडू लागला तर त्याच्या टाचेमागे आपला पाय लावायचा, म्हणजे तो जाळ्याखाली जात नाही. टेका देणाऱ्याला चहा पाजतात.

मी म्हणालो, "टेका देल्ला त्यानं. त्याचा तोल जाऊन राहिला होता, देवानंदनं टेका देल्ला."

खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला. डोमा म्हणाला, "टेकाच व्हय." कोणी चहा सांगितला. मी पण पेलाभर प्यालो.

त्या दिवसापासून मी तो तुकडा पाहून राहिलो आहे. आजीनं शेवटी मोबाईल पिठाच्या डब्यात लपवला. गंमत म्हणजे जितक्या वेळा बघतो तितका तुझा पाय वेगळा दिसतो. कधी वाटतं घामाच्या फरशीवरून घसरला. कधी वाटतं तू वर चेंडू बघत होतास, पायाचं तुला ठाऊकच नव्हतं. आणि कधी वाटतं तू एकदा खाली बघितलंस. खरंच बघितलंस की मलाच तसं दिसतं? आपल्या माणसाचं बघताना डोळ्यात पाणी येतं आणि पाण्यात पाय दिसत नाही.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे की तुमच्याकडे रेषा कुठे आहे. बरगडीत कोपर ठेवलं तर चालतं, फिरवलं तर चालत नाही, असं तूच सांगितलं होतंस. मग शिटी वाजली तर घाण आणि नाही वाजली तर तगडा, असं आहे का? आमच्या तलावात शिटीवाला नाही. तुमच्याकडे तीन-तीन आहेत, तरी मला कळेना. की शिटीवाला असला म्हणजे आपण आपला हिशेब सोडून देतो, तो बघेल म्हणून?

आजी जेवायला बोलावते आहे. नंतर लिहितो.

सोमवार

काल इथवर लिहून ठेवलं होतं. सकाळी वाचून पाहिलं तर माझीच लबाडी मला दिसली. सगळ्यांची खुशाली लिहिली, खुशबूची लिहिली नाही. तू वाचताना तिथेच थांबला असशील. तुझी एकुलती बहीण, आणि आजा तिला विसरला कसा?

विसरलो नाही. लिहवत नव्हतं.

त्या दिवशी खोलीत ती पण होती. साकोलीहून सुट्टीला आली होती. तीही आता शाळेच्या संघात कड्याखाली उभी राहते, तुझ्यासारखीच ताडमाड. सगळे चहा पीत होते तेव्हा तिनं मोबाईलवर तो तुकडा पुन्हा लावला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मोबाईल पालथा ठेवला.  मला तेव्हा बरंच वाटलं.

मागच्या आठवड्यात साकोलीला तिचा सामना झाला. समोर चिखल्याची टीना नावाची पोर होती, बाप खाणीच्या ट्रकवर आहे. तीही उंच, म्हणून दोघींचीच जोडी लागली. टीना उडाली, खाली येताना खुशबूचा पाय तिच्याखाली. घोट्याचं हाड मोडलं.

सरांनी फोन केला म्हणून मी आणि तुझा बाप गेलो. खुशबू दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, रडत नव्हती. तुझा बाप भडकला, म्हणे काहून केलं असं. ती शांत होती. म्हणाली, "मी टेका देल्ला."

माझेच शब्द, बाबू. जसेच्या तसे.

तुझा बाप माझ्याकडे बघू लागला. हा टेका नाही म्हणावं, तर मग तुझाही नाही. टेकाच आहे म्हणावं, तर आत ती पोर पाय टांगून पडलेली. मी मधेच उभा, गाळात रुतल्यासारखा.

आम्ही टीनाला बघायला गेलो. तिची माय म्हणाली, "खेळात होतेच जी, तुमच्या पोरीनं काही मुद्दाम केलं का?" आणि थर्मासमधला चहा आम्हाला दिला. तो चहा गिळताना मला सोसायटीतला चहा आठवला. खुशबूनं तिचा पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

येताना बसमध्ये ती माझ्याजवळ बसली. मी विचारलं, "खरं सांग बाई, ती पोर तुले पडताना दिसली का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाही आजा. ती तर वरतंच होती. दादाचा कुलदीप बी वरतंच होता ना?"

 नागझिऱ्याच्या जंगलाची पाटी आली, गेली. 

आता ती घरी आहे. शाळेला जात नाही, चेंडू कोठीत टाकून दिला. आजीनं गोड बोलून पाहिलं, मायनं रागावून पाहिलं. कोणी विचारलं की एकच म्हणते, दादा येईल तेव्हा दादालेच इचारीन. मला भीती कशाची वाटते सांगू? तू आलास, लोकांनी हार घातला, पहिला दोर तुझ्या हातात दिला, तर तिला उत्तर न विचारताच मिळेल. मग ती चेंडू बाहेर काढेल आणि आयुष्यभर असेच टेके देत राहील. नाहीतर चेंडूला कधी हात लावणार नाही. दोन्हीतलं वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू लहानपणीच नागपूरच्या होस्टेलला गेलास, तरी आपला रिवाज तुला आठवत असेल. ज्याचा पाय दुसऱ्याच्या पायाखाली गेला, त्यानं त्या खेपेला पाण्यात उतरायचं नाही. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसायचं आणि फाटकं जाळं विणायचं. कोणी हिणवत नाही, पुढच्या खेपेला तो पुन्हा दोरावर. तुझा बाप बसला आहे, डोमा तर इतक्यांदा बसला की विणकामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण हे सांगायचं ज्याचं त्यानं. गाळात काय झालं ते दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून ज्याचा पाय त्याचाच बोल. दुसऱ्यानं कोणाच्या पायाबद्दल बोलायचं नाही, ना चांगलं ना वाईट.

आणि मी बोललो. एवढं आयुष्य दोरावर काढलं, आणि तुझ्या पायाचं मी बोललो. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून. तो रिवाज मोडल्यापासून सगळं गढूळ झालं आहे.

म्हणून तुझा बोल तुला परत देतो. टेका असेल तर टेका लिही. मी ते सोसायटीत वाचून दाखवीन, खुशबूला शेजारी बसवून, आणि पुन्हा कधी तो तुकडा बघणार नाही. पाय घसरला असेल तर तसं लिही. आणि तिसरं काही असेल तर तेही लिही. तुला बाहेरगावी नोकरी टिकवायची असते, वरून कोण काय सांगतं, काय दडपण असतं, ते मला इथून दिसत नाही. मी तुला तोलत नाही. मला खरंच समजत नाही, म्हणून विचारतो.

काहीही असलं तरी ये. रुचिताला प्रवास जमत नसेल तर एकटा ये. पहिला दोर डोमा धरेल, त्याला त्याचा आनंदच होईल. पाळीवर मोहाच्या झाडाखाली जागा झाडून ठेवली आहे. मी तर बसणारच आहे, दुसऱ्याच्या पायाचं बोललो म्हणून. खुशबूला अजून काही म्हटलं नाही. जाळं यंदा खूप फाटलं आहे. दोघांना पुरून उरेल, तिघांनाही पुरेल.

फोन मात्र करू नको. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी "जाऊ दे बाबू" म्हणून मोकळा होईन, आणि मला ते आता म्हणायचं नाही. पत्रच लिही, लवकर लिही, पाडव्याच्या आधी हातात पडेल असं. खुशबूनं विचारलं आहे कोणाला लिहितोस म्हणून. मी सांगितलं, दादाला. आज पोस्टमनच्या वेळेला ती आतापासूनच अंगणात येऊन उभी राहिली.

कुलदीपच्या पायाचं लिहायला विसरू नको.

तुझ्या उत्तरापर्यंत पाळीवर बसलेला,
तुझा आजा
श्यामलाल