दोन्ही पाय खाली

तिलक नगर, जयपूर
रविवार, दुपार

ति. मोरेश्वरमामांच्या चरणी भाची प्रणिताचा दंडवत. मधुमतीमामींनाही दंडवत, आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची सारखीच चौकशी. (मागच्या पत्रात मी फक्त डाव्याची केली, तर उजवा रुसला असं आईकडून कळलं.) तुमची साखर ताब्यात असेल अशी आशा आहे. ती तुम्ही स्वतः मोजता आणि सांगताना स्वतःच थोडी कमी करता, हेही मला ठाऊक आहे. मी खुशाल आहे. घरमालकीण मीनाक्षीकाकू आपल्याकडच्याच असल्यामुळे रविवारी वरण-भात मिळतो, बाकी सहा दिवस मी आणि इथलं तूप एकमेकांना सांभाळून घेतो.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं कारण तुमचा फोन. तो कायम स्पीकरवर असतो आणि तुम्ही तो स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर उचलता. मी इथून "मामा, माझ्या हातून एक चूक झाली" म्हणायचं आणि तिथून अर्ध्या करमाळ्याने "कसली गं?" विचारायचं, हे मला नको होतं. म्हणून हे पत्र एकट्याने वाचावं. मामींना ऐकवलं तरी चालेल, पण दार लावून.

तर मामा, माझ्या नोकरीचं नेमकं काम काय, हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा "चालक अनुभव विभाग" एवढंच सांगितलं. आमची कंपनी पर्यटकांना गाडीने अजमेर-पुष्करला नेते आणि आणते. गाडी चालवणाऱ्यांना काय अडचणी येतात ते ऐकायचं, लिहून काढायचं आणि वर कळवायचं, हा माझा विभाग. विभागात मी एकटीच आहे, त्यामुळे मतभेद होत नाहीत. मी हे काम फार मनापासून करते. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही डेपोत पेढे वाटलेत आणि एका चालू बसच्या ड्रायव्हरला खिडकीतून भरवलात, त्या पेढ्याला जागायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. गाडी हाकणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, हे तुम्ही जन्मभर सांगितलंत. आपण ऐकायचं, असं मी ठरवलं. (ऐकण्याआधी मी त्यांना बरंच काही ऐकवलं, ते पुढे येईलच.)

जूनमध्ये कंपनीत अठरा नव्या गाड्या आल्या. त्यांना क्लच नाही, गिअर टाकावे लागत नाहीत, आणि वर क्रूझ कंट्रोल आहे. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीला आणायची, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी आपली आपण ऐंशीवर चालत राहते. ब्रेकला जरा स्पर्श झाला की बटणाचा अंमल संपतो. थोडक्यात, तुमच्या उजव्या पायाने एसटीत एकतीस वर्षं जे केलं, ते आता एक बटण करतं. (रागावू नका. तुमच्या गाडीत कंडक्टर उभ्याने बशीतून चहा प्यायचे, तसा चहा या बटणाच्या भरवशावर अजून कुणी प्यायलेलं नाही.)

ही सोय चालकांना समजावी म्हणून मी एक माहितीपत्रक तयार केलं. हिंदीत. माझं हिंदी उत्तम आहे, दहावीला अठ्ठ्याऐंशी होते. आठ सूचना लिहिल्या. तिसरी सूचना सुरक्षिततेची म्हणून जाड अक्षरात छापली: "क्रूज चालू होते ही दोनों पाँव खाली रखिए." पाय पेडलवर अधांतरी धरला तर पोटरी भरून येते, तो खाली, गाडीच्या तळावर टेकवलेला बरा, असा माझा विचार. आठवी सूचना मला सगळ्यात आवडली होती, कारण तिच्यात माणुसकी होती: "रास्ते में कोई आपत्ति हो तो गाड़ी तुरंत किनारे लगाकर रुक जाइए." आमचे व्यवस्थापक सोहम सर (हे नाशिकचे) पत्रक वाचून "एकदम स्वच्छ" म्हणाले आणि खाली सही केली. प्रत्येक गाडीत एकेक प्रत चिकटवली गेली.

आणि तक्रारी सुरू झाल्या. गाडी ऐंशीवर लावावी, तर उड्डाणपुलाच्या चढावर बटणाचा अंमल आपोआप सुटायचा आणि गाडी साठावर यायची, नि उतारावर कुणी ढकलल्यासारखी ती नव्वदीकडे धावायची. अजमेरच्या रस्त्यावर बगरू, दूदू, किशनगढ करत उड्डाणपूल काही कमी नाहीत. एका परदेशी आजींनी लिहिलं की उंटाची सफर आम्ही वेगळी मागितली होती, ती गाडीतच का दिलीत? तेव्हापासून चालकांनी क्रूझचं नाव "ऊंट" ठेवलं. सकाळी एकमेकांना विचारायचे, आज ऊंट बैठा कि भागा?

मी प्रत्येकाचे अनुभव लिहून घेतले, आलेख काढले, तीन रंगांत. गाड्या दोनदा तपासून घेतल्या, त्या निर्दोष निघाल्या. मग मी, मानसशास्त्राची पदवीधर, अशा निष्कर्षाला आले की दोष गाडीत नसून मनात आहे. जुन्या चालकांचा यंत्रावर विश्वास बसत नाही, म्हणून त्यांचा पाय नकळत पेडलकडे जातो. अहवालाला नाव दिलं, "चालकांच्या मनातील अविश्वास". सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ज्याच्या तक्रारी सर्वांत जास्त, त्याला सोमवारपासून पर्यटकांच्या गाडीवरून काढून सामानाच्या गाडीवर टाकायचं ठरवलं. फक्त माझी सही राहिली होती.

ज्यांच्या तक्रारी सर्वांत जास्त, ते भंवरलालजी. आमेरला राहतात, सव्वीस वर्षं गाडी चालवतात, गाडीला एक ओरखडा नाही. पांढऱ्या मिशा, लहरिया साफा, आणि पायात कंपनीच्या गणवेशातली चोच वळलेली मोजडी. मला "बाईसा" म्हणतात. (पहिल्या दिवशी वाटलं, शाळेतल्या बाई म्हणतात, म्हणून मी ताठ बसले. मग कळलं की इकडे घरातल्या लेकीला मानाने तसं म्हणतात, तेव्हा जरा वाकून बसले.) त्यांची धाकटी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "हमारे घर में पहली है," त्यांनी मला एकदा सांगितलं, आणि सांगताना साफा उगाच नीट केला. मामा, तुम्ही पेढा भरवताना टोपी तशीच नीट केली होती.

सामानाच्या गाडीवर साफा नसतो. प्रवासी नसतात, "खम्मा घणी" म्हणून रामराम करायला कुणी नसतं, फक्त बॅगा. गेल्या आठवड्यात शुक्रवारी मी सहीसाठी पेन काढलं आणि ते काही चालेना. म्हणजे शाई होती, मीच चालेना. एकदा तरी त्या माणसाशेजारी बसून पाहावं म्हणून शनिवारी मी त्यांच्या गाडीत बसले.

गाडीत बसताच भंवरलालजींनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, शहराबाहेर येऊन गाडी ऐंशीला आणली आणि बटण दाबलं. मग, मामा, त्यांनी शांतपणे एका पायाने दुसऱ्या पायाची आणि दुसऱ्याने पहिल्याची मोजडी काढली. दोन्ही मोजड्या पायांपुढे सोडल्या आणि अनवाणी पाय मागे घेऊन मांडी घातल्यासारखे ऐसपैस बसले.

पहिला उड्डाणपूल आला. चढावर एक मोजडी मागे घसरताना तिची वळलेली चोच ब्रेकच्या पेडलला आकड्यासारखी अडकली आणि तिच्या वजनाने पेडल जरासं दबलं. क्रूझ सुटलं, गाडी साठावर. भंवरलालजींनी पायानेच तिला सोडवून पुन्हा बटण दाबलं. उतारावर दुसरी मोजडी पुढे घसरली ती थेट ॲक्सिलरेटरवर जाऊन बसली, आणि ऊंट भागा. माझे तीन रंगांतले आलेख माझ्या डोळ्यांसमोर एका मोजडीने काढून दाखवले.

मी ओरडलेच, "भंवरलालजी, आप जूती क्यों निकालते हो?"

त्यांनी गाडी कडेला घेतली, माझ्याकडे चमकून पाहिलं आणि समोर चिकटवलेल्या पत्रकावर बोट ठेवलं. "बाईसा, आप ही ने तो लिखा है. दोनों पाँव खाली रखिए. हमने खाली कर लिए."

मामा, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. हे मला माहीत होतं! रोज शहर-बसमध्ये "सीट खाली है क्या" विचारते मी. पण लिहिताना माझं खाली थेट करमाळ्याहून आलं. अठराच्या अठरा गाड्यांत जून महिन्यापासून मोठी माणसं माझ्या हुकमाने अनवाणी बसत होती आणि मी त्यांच्या मनात अविश्वास शोधत होते. मोजडी चुकून ब्रेकच्या खाली (मराठी खाली) गेली असती तर काय झालं असतं, हे लिहायला माझा हात धजत नाही. मी विचारलं, विचित्र वाटलं नाही का? भंवरलालजी म्हणाले, "सोचा, पढ़ी-लिखी बाईसा है, कुछ साइंस होगी."

हे वाक्य मला कुठल्याही शिवीपेक्षा लागलं.

सोमवारी सकाळी मी अहवाल फाडला आणि कबुलीपत्र घेऊन सरांपुढे उभी राहिले. लिहिलं होतं की चूक माझी आहे, भंवरलालजींची नाही, त्यांना हलवू नये, मला हलवावं. सरांनी कबुलीपत्र वाचलं, मग पत्रक वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "पण प्रणिता, यात चूक कुठे आहे? पाय खालीच ठेवायला हवेत ना?"

दारात भंवरलालजी हात जोडून उभे होते. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं. मग त्यांची नजर पत्रकाच्या तळाशी असलेल्या स्वतःच्या सहीवर गेली आणि तिथेच राहिली. त्यानंतर सगळं पाच मिनिटांत आटोपलं. भंवरलालजी त्यांच्या गाडीवर, साफ्यासकट. माझी नोकरी शाबूत. मला कायम करणं मात्र तीन महिने पुढे गेलं, कारण कुठल्याही कंपनीत चूक वरून खाली येते आणि खाली मी एकटीच होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. (वाटलं. पण संध्याकाळपर्यंतच.) जाताना भंवरलालजी म्हणाले, "बाईसा, मेरी छोरी को भी यही सिखाऊँगा. गलती लिख के देना." मी मान हलवून जिन्यात गेले आणि तिथे थोडा वेळ बसले.

मामा, या सगळ्यात तुमची फार आठवण आली. तुम्ही बसमध्ये चढताना चपला काढायचात, आणि मी अकरावीत असताना रस्ता सुरक्षेचा तक्ता काढून तुम्हाला भाषण दिलं होतं, की ही अंधश्रद्धा आहे. तुम्ही माझ्या शब्दाखातर एक दिवस चपला घालून बस नेलीत, एका चपलेचा अंगठा क्लचमध्ये अडकला आणि कुर्डुवाडीला वीस मिनिटं उशिरा पोचलात. मला काही बोलला नाहीत. मामी बोलल्या.

वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच, तो साखरेसारखा कमी करून सांगू नये.

तुमची भाची,
प्रणिता

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. नव्या पत्रकात मी मोजडी घालून बसायला लिहिलं, पण आता कुणी ऐकत नाही. अनवाणी पायाला गाडी जास्त कळते, असं सगळ्यांचं मत पडलं आहे. (हे तुम्हीच सांगायचात. हसू नका.) तेव्हा तुमच्या सीटमागे हुकाला चपलांची खाकी पिशवी असायची, तशा अठरा पिशव्या मामींकडून शिवून पाठवाव्यात. तोंडाला नाडी हवी, आणि चोच मावेल इतकी खोली.

ता. क. २. मी दिवाळीत कायम होणार, असं बाबांनी गावभर सांगून ठेवलं आहे. तीन महिन्यांचं तुम्ही त्यांच्या कानावर घालावं. टपरीवर घातलंत तरी चालेल, आपोआप पोचेल. म्हणजे वर एकट्याने वाचा म्हटलं ते रद्द.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार, तोच सरांचा फोन आला. कालपासून आमच्या गाड्या अजमेरच्या रस्त्यावर मधेच कडेला लागून उभ्या राहतात. एका चालकाला प्रवाशाचं गाणं पटलं नाही, दुसऱ्याला प्रवाशांनी त्याच्या मिशांना हसलेलं पटलं नाही. मीनाक्षीकाकूंना विचारलं, तर हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. नव्या पत्रकात तिसरी सूचना बदलली, आठवी मात्र, जी आतापर्यंत कुणी वाचलीच नव्हती, जाड अक्षरात घेतली, आणि सरांनी सही केली आहे.

मामा, आपत्ती आली आहे. मराठीतली.