जन्मापासूनचा ऑटो

३ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. तपासणी करून घ्यायची. मला ऑटिझम आहे, हे आज दानिशच्या मोबाइलच्या दुकानात बसल्या बसल्या कळलं. रीलमध्ये सात लक्षणं होती. दानिश म्हणाला, भटू, तुझी सातपैकी आठ जमतात.

डॉक्टरसमोर तोंड बंद पडेल, म्हणून कारणं इथे लिहून ठेवतो. चुलतभाऊ अमृतच्या हळदीत डीजे सुरू झाला तेव्हा मी गोठ्यात म्हशीमागे कान दाबून उभा होतो. लोक म्हणाले, रुसला. कुरिअरचं काम : बेल वाजवून अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम. पार्सल दाराशी ठेवून पळायचो. एकीची साडी कुत्र्याने नेली, नाव माझं खराब. सावद्याचं केळीचं पॅकिंग : तिथलं कारण आठवत नाही, पण सोडलं होतं. शिवाय आई माझ्यासाठी मुलगी बघतेय.
डॉक्टरने एकदा नाव दिलं की सगळं माफ. अजून एक कारण होतं, पण दानिशने मध्येच नवा चार्जर दाखवला.

४ फेब्रुवारी
घरी सांगितलं. शेजारची पिठाची गिरणी चालू होती. मी नेहमीसारखा कोनाड्याकडे बघून बोललो, पण स्पष्ट बोललो : मला ऑटिझम आहे असं वाटतं, धुळ्याला जाऊन येतो.
आईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "इतला दिन का बरं बोलना नही रे?"
आबांनी घास खाली ठेवला. "नवा का जुना?"
जुनाच, म्हटलं, जन्मापासूनचा.
"जुना परवडस," आबा म्हणाले.
आणि मी स्वतःच्या बापाला अडाणी समजत होतो!

७ फेब्रुवारी
सुपडूकाका आले. पाठीवर जोरात थाप मारली. (असं केलेलं मला सहन होत नाही. राहिलेलं कारण हेच.) म्हणाले, "भटू, ऑटो शे म्हटलं की पोरगी देवाले लोके लाइन लावतीन."
आमचं भडगाव किती पुढे गेलं! ऑटिझमला लाडाने ऑटो म्हणतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
धुळ्याची अपॉइंटमेंट होती. वेळेवर निघालो. एसटीत शेजारची बाई फोनवर जावेशी भांडायला लागली, म्हणून पारोळ्याला उतरलो. तिथे किल्ला. दगडांमधल्या रेघा बघत बसलो. ऊन उतरलं. हेही लक्षणच, त्यामुळे दिवस वाया गेला असं नाही म्हणता येणार. पुरावा वाढला.

२० फेब्रुवारी
पोचलो! डॉक्टर बाई हसल्या नाहीत. विचारलं, आवाज झाला की आत काय होतं? हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर काचेचा मासा होता, त्याला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, माशाकडे बघून बोला, चालेल.
मी कारणं सांगितली. त्या म्हणाल्या, पण कळून तुम्हाला काय करायचंय? म्हटलं, मी हे मुद्दाम करत नाही, एवढं कोणीतरी म्हणावं.
हे लिहिलेल्यात नव्हतं. कुठून आलं माहीत नाही.
एका भेटीत नाव देता येत नाही म्हणे. असेल, नसेल. लहानपणापासून पाहिलेलं माणूस लागतं. सहा मार्चला आईला घेऊन या.
बाहेर आल्यावर डोळ्यांत धूळ गेली. धुळ्यात जाणारच.

२४ फेब्रुवारी
पाचोऱ्याची दिपमाला. बघण्याआधी फोनवर बोलणं झालं. मी घाम पुसेपर्यंत तीच म्हणाली, तुमच्या ऑटोचं कळलं, मला चालेल. आमच्या मामांकडेपण आहेत, दोन.
दोन! मामांबद्दल वाईट वाटलं.
म्हटलं, आवाजाचा फार त्रास होतो हो. ती म्हणाली, होते सवय.
माझं सगळं कळून हो म्हणणारी पोरगी. लग्नाला माझी हरकत नाही.

२ मार्च, रविवार
दुपारी दारात एक रिक्षा. जुनी, झेंडूची माळ घातलेली. आई तिला ओवाळत होती. कोणाची, म्हणून विचारलं.
"तुन्हीच," आबा म्हणाले. "तूच बोलना ना, ऑटो पाहिजे."
 मग अक्षर अक्षर तोडून सांगितलं : ऑ, टि, झ, म.
"बरं बरं. तेच नाव ठेवूत," म्हणाले, आणि पेंटरला हाक मारली.
आईला म्हटलं, गुरुवारी माझ्याबरोबर धुळ्याला चल, डॉक्टरकडे.
"ऑटो तर भेटना. आते डाक्टर कसाले?"
दिपमालाला खरं काय ते सांगायचं. उद्या नक्की.

७ मार्च
गुरुवार गेला. आईला ऑटोला लिंबू-मिरची बांधायची होती. डॉक्टर बाईंना फोन करणार होतो, पण फोनवर बोलायचं म्हणजे... दिपमालाचंही तेच. लवकरच.

१० मार्च, सोमवार
स्टँडवरून पहिली फेरी. मागे लाल अक्षरांत 'ऑटिझम', दोन्ही बाजूंना मोर.
बसायच्या आधी एका म्हातारीने नातवाकडून ते वाचून घेतलं. विचारलं, "कोणता देव शे रे हाऊ, भाऊ?"
समजावून सांगायला तोंड उघडलं. जमलं नाही. म्हटलं, जागृत आहे.
तिने हात जोडले. मागून ट्रकने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. माझे दोन्ही हात हँडलवर. कान दाबायला एकही मोकळा नव्हता.