हलक्या हाताचे बॉल

३ फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी हॉलवर. दाराशी नकली पाय काढून ठेवला, सरकत सरकत माझ्या जागेवर. बसून खेळायचा व्हॉलीबॉल. नेट खाली बांधलेलं, सगळे फरशीवर. आम्ही अपंग, आणि सोबतीला आलेली कॉलेजची धडधाकट पोरंसुद्धा. तासभर सगळे एका उंचीचे. मग शिट्टी होते, पोरं टुणकन उभी राहतात, आणि मी पुन्हा मान वर करून बोलते.
आजही तेच. माझ्याकडे येणारा प्रत्येक बॉल लोण्यासारखा. कॉलेजात मी टीमची स्मॅशर होते, मला कळत नाही का! वर "वा, सुषमाताई, वा!" कसलं वा? बाळाकडे टाकतात तसा टाकायचा आणि टाळ्या पिटायच्या.

४, बुध.
ऑफिस. घर. खालच्या काकू जिन्यात: "कौतुक वाटतं हो तुझं, अशा स्थितीत बाहेर पडतेस." म्हटलं, अहो, दूध आपणहून वर येत नाही. आत निघून गेल्या. नंतर वाईट वाटलं. कामाव्यतिरिक्त आज माझ्याशी त्या एकट्याच बोलल्या होत्या.

७, शनि.
नवी पोरगी. वैष्णवी. गाव लोणी काळभोर, इथे कर्वेनगरला होस्टेलवर. समोर बसली. तिला कोणी काही पढवलं नसावं. पहिलाच बॉल काडकन माझ्या नाकावर!
रक्त. पोरगी रडवेली. "ताई, लई लागलं का वो?" म्हटलं, लागलं. आता परत मार, या वेळी उचलते. पण खेळ घेणाऱ्या सरांनी खेळच थांबवला आणि काचेची बरणी ठेवावी तसं मला रिक्षात ठेवलं.
नाकाचा बटाटा झालाय. इतकी खूश कधी होते, आठवत नाही. सांगू कुणाला?

१०, मंगळ.
वैष्णवी आली नाही. सरांचा नवा नियम: आमच्या दिशेने स्मॅश मारायचा नाही. "तुमच्या सुरक्षिततेसाठीच, ताई." म्हटलं, मग घरीच बसते, तिथे अजून सुरक्षित. सर हसले. मी विनोद केला नव्हता.

११, बुध.
वैष्णवीला फोन. "भ्या वाटतंय ताई. सर रागावलं व्हतं." म्हटलं, मीही रागावलेय, आली नाहीस म्हणून. मग, "शनिवारी बघते."
बघते म्हणजे काय ते मला माहितीये. काकू चहाला बोलावतात तेव्हा मीही तेच म्हणते.

१४, शनि.
नाहीच आली.
सरांना सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्यावर कोणी जोरात मारणार नसेल तर मंगळवारपासून मी नाही. बोलून बसले. मंगळवारी संध्याकाळी मग जाऊ कुठे?
सर म्हणाले, "बरं. पण मारणार कोण?"
हळू बॉल आला. हात लावला नाही. दुसराही सोडला. समोरचा पोरगा लालेलाल. "ताई, घ्या ना." म्हटलं, घेण्यासारखा मार. तिसरा जरा जोरात होता. जराच.
घरी आल्यावर वैष्णवीचा मेसेज: "नाक कसं हाय?"
लिहिलं, जागेवर आहे. तू कुठे आहेस?
वाचलाय तिने. उत्तर नाही अजून.