सायलेन्सरच्या गळतीचा बंदोबस्त

३ डिसेंबर
हुस्नबानू युसूफ तांबोळी, तुझी मोटारसायकल सुस्थितीत आहे. हे प्रथम कळवतो, कारण माझ्या तब्येतीआधी तू नेहमी तिची चौकशी करायचीस. नावापुढे 'मरहूमा' लिहावे की नाही, याबाबत माझा निर्णय झालेला नाही. तूर्त पूर्ण नाव पुरेसे आहे.

रोज सकाळी नमाजानंतर गाडी मेन स्टँडवर चढवतो, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतो, बंद करतो. यंत्र वापरात राहिले पाहिजे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी या धुराविरुद्ध नोटीस लावली. नोटिशीत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या दुरुस्त करून नोटीस त्यांना परत दिली आणि दोन गल्ल्या पलीकडे सोजरबाईंचा गाळा भाड्याने घेतला. बिबवेवाडी गाव होते तेव्हापासूनची ही त्यांची जागा. अर्ध्या गाळ्यात त्यांची ज्वारीची पोती, अर्ध्यात आपली गाडी.

तुझ्या चाळिसाव्या दिवसापर्यंत घरात माणसे मावत नव्हती. आता फोन येतात तेही राँग नंबरचे.

९ डिसेंबर
सायलेन्सरखाली पाणी आढळले. थेंब थेंब, काळसर.

घाबरण्याचे कारण नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पेट्रोल जळले की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. थंड नळीत वाफेचे पाणी होते. सोजरबाईंना हे समीकरणासह समजावून सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, हे सगळं खरं हाय, पण माझ्या पोत्यांखाली वल कशाची आली?

विज्ञानाची आवड समाजात उरलेली नाही.

१५ डिसेंबर
मेकॅनिक कासिम गाळ्यावर येऊन गेला. निदान करण्यापूर्वीच त्याने नवी चेन, नवे सीट कव्हर आणि एक निळा एलईडी दिवा सुचवला. पाण्याविषयी त्याचे म्हणणे असे, की थंडीत सगळ्यांच्याच गाडीतून येते. कात्रजपर्यंत एक चक्कर मारली की सायलेन्सर तापतो आणि आतले पाणी वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत नुसते पाणी तयार होते, वाळत काहीच नाही. चक्कर विचाराधीन आहे, असे मी सांगितले. त्यावर तो म्हणाला की सर, विचार करून सायलेन्सर तापत नाही.

एलईडी दिवा विकू पाहणाऱ्याचे मत किती मानावे, हा प्रश्नच आहे.

नोंद असावी म्हणून लिहितो: लग्नापासून मी या गाडीवर मागे बसलो. खेळाची शिक्षिका पुढे, रसायनशास्त्राचा प्राध्यापक मागे, मांडीवर भाजीची पिशवी. कोथरूडपासून कसबा पेठेपर्यंत लोकांनी पाहून घेतले. मला गाडी चालवता येत नाही असे नव्हे. तशी वेळ आली नाही.

२१ डिसेंबर
मिसबाचा फोन. कोथरूडहून तिला ऑफिस लांब पडते. तिने सरळ विचारले: अब्बा, तुम्ही अम्मीची गाडी चालवत असाल तर ती तुमचीच. नुसती उभी राहणार असेल तर मला द्या. मी तिच्यावरच शिकले आहे.

मुलगी आईसारखी बोलते. वाक्य संपेपर्यंत निर्णय झालेला असतो.

रोज सकाळी चालवतो, असे उत्तर दिले. वर मार्केट यार्डापर्यंत जाऊन येतो, असेही सांगितले. ही माहिती किंचित आगाऊ आहे इतकेच. येत्या आठवड्यात ती खरी करून टाकायची आहे.

२३ डिसेंबर
शिकण्यास प्रारंभ. शटर आतून ओढून घेतले, इंजिन बंद ठेवले, हेल्मेट घातले. क्लच, गिअर, ब्रेक यांचा क्रम तोंडपाठ केला. पहिल्याच दिवशी चौथ्या गिअरपर्यंत पोहोचलो.

२८ डिसेंबर
प्रत्यक्ष रस्त्यावरील सराव स्थगित. कारणे: धुके, सुट्ट्यांमुळे वाहतूक, उजव्या बुटाचा तळ गुळगुळीत.

२ जानेवारी
गळतीचे मूळ सापडले! सायलेन्सरच्या तळाशी, मागच्या टोकाजवळ, एक बारीक भोक आहे. पेन्सिलीचे टोक जेमतेम जाईल इतके. पाणी तेथूनच ठिबकते. इतके दिवस कोणाच्याही लक्षात आले नाही. कासिमच्या तर नाहीच. त्याचे लक्ष दिव्यात.

हार्डवेअरच्या दुकानातून दोन भाग एकत्र केले की कडक होणारी पुट्टी आणली, सम प्रमाणात मळली आणि भोक बुजवले. वरून सॅन्डपेपर फिरवला. बोट फिरवले तरी कळत नाही.

११ जानेवारी
नऊ दिवसांत एक थेंब नाही. सोजरबाईंना कोरडी फरशी दाखवली. बरं झालं, म्हणाल्या. मग विचारले, पण मास्तर, मग ते पाणी आता जातं कुठं?

अशिक्षितपणा म्हणजे काय ते यावरून कळावे, असे लिहिणार होतो. परंतु प्रश्न मांडण्याची पद्धत बरी होती. उत्तर उद्या देईन, असे सांगितले.

१२ जानेवारी
सोजरबाई भेटू नयेत म्हणून मागच्या गल्लीने गेलो.

यश मिळाल्यामुळे आता इंजिन सकाळ-संध्याकाळ चालू करत आहे. आवाज बदलला आहे. आतून हलकी गुळगुळ ऐकू येते. इंजिनाला माझा हात सवयीचा होत असावा.

१९ जानेवारी
गाडी प्रथमच बाहेर काढली. न्यूट्रलमध्ये, हेल्मेट घालून, बाजूने चालत. रस्त्याचा अंदाज येण्यासाठी ही पायरी आवश्यक आहे. गल्लीच्या टोकाशी सोजरबाई भेटल्या. पेट्रोल संपलं व्हय, असे त्यांनी विचारले. होय म्हणालो. त्या घरात गेल्या आणि नातवाच्या स्कूटरसाठी ठेवलेली पेट्रोलची बाटली घेऊन आल्या. टाकी उघडली तर काठोकाठ भरलेली.

दोघांनीही टाकीत पाहिले. त्यांनी बाटलीला बूच लावले आणि आत गेल्या. यापेक्षा बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

२७ जानेवारी
मिसबा रविवारी येणार आहे. मार्केट यार्डापर्यंत बरोबर चक्कर मारू, अब्बा पुढे, मी मागे, असे म्हणाली. थट्टा असावी. तिच्या थट्टेत आईसारखी परीक्षा घेण्याची खोड असते.

सहा दिवस हाताशी आहेत. पुरेसे आहेत.

३१ जानेवारी
सायलेन्सरच्या जोडावर तपकिरी डाग. बोट लावले तर पापुद्रा निघाला. पुट्टीचा आणखी एक थर दिला. पुण्याची हवा पूर्वीची राहिलेली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
मिसबा आली. बरोबर डबा: शामी कबाब, तुझ्या पद्धतीचे. थोडे खारट.

तिने किक मारली. आधी घुसमटल्यासारखा आवाज आला, मग फटाका फुटावा तसा. सायलेन्सरचा तळ गेला. आतले तपकिरी पाणी तिच्या पांढऱ्या बुटांवर, उरलेले ज्वारीच्या पोत्यांकडे. सोजरबाई दारात उभ्या. मी पोते उचलू लागलो. त्यांनी हातानेच राहू द्या म्हणून खुणावले.

मिसबा गुडघ्यांवर बसली आणि खालून हात फिरवला. पुट्टीचा तुकडा निघून तिच्या हातात आला. ते भोक गळतीचे नव्हे, असे तिने सांगितले. पाणी साचू नये म्हणून कंपनी ते मुद्दाम ठेवते. चिखलाने बुजले तर अम्मी दर हिवाळ्यात केसांतली पिन काढून मोकळे करायची, शाळेच्या पार्किंगमध्येच, मुलींसमोर.

मला हे ठाऊक नव्हते. मी त्या वेळी बहुधा पिशवी धरून उभा असेन.

तुकडा तिने सीटवर ठेवला. मग विचारले, "अब्बा, तुम्ही एकदा तरी चालवलीत का?"

पर्यायी उत्तरे तयार होती. हवा, बूट, धुके.

"नाही," मी म्हणालो.

ती चिडेल असे वाटले होते. तशी तयारी होती. ती तेथेच फरशीवर बसून रडली. पाच मिनिटे असावीत, कदाचित अधिक. अशा वेळी काय करतात ते मला माहीत नाही. ते खाते तुझ्याकडे होते. मी माझा रुमाल पुढे केला. तिने तो बूट पुसायला वापरला. मग मीही खाली बसलो. सोजरबाईंनी शटर अर्धे ओढून घेतले.

४ फेब्रुवारी
मिसबाला फोन करून गाडी घेऊन जा म्हणून सांगितले. वाक्य सोपे होते. तीन वेळा मोडून पुन्हा जुळवावे लागले.

९ फेब्रुवारी, रविवार
नवा सायलेन्सर बसवला. काम कासिमचेच. निळा दिवाही लावून घेतला आहे. मिसबाला आवडला म्हणे. गाडी उत्तम स्थितीत सुपूर्द केली, अशी नोंद करतो. श्रेय माझे, नवा सायलेन्सर वगळता, जो माझ्या देखभालीतला नव्हता.

मिसबाने मागच्या सीटवर हात मारून बसायला सांगितले. सोजरबाईंकडे काम आहे, असे उत्तर दिले. तिने आग्रह केला नाही. इंडिकेटर देऊन वळली. आवाज सातारा रोडपर्यंत ऐकू येत राहिला, किंवा ती दुसरी एखादी गाडी असेल.

गाळा झाडला. फरशीवरचा तपकिरी डाग घासूनही गेला नाही. सोजरबाई विचारायला आल्या, दुसरं काही ठेवायचं आहे का इथं. काही नाही म्हणालो. त्या गेल्या नाहीत. पदराने हात पुसत उभ्या राहिल्या.

"मास्तर, मग उद्या सकाळी कुठं जाणार?"

समीकरण मांडून सांगण्यासारखा प्रश्न नव्हता. पाहू, म्हणालो.

शटर ओढले. कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या त्यांच्या हाती परत दिल्या.