तटावरची उलटी फेरी

२ एप्रिल
लाल मफलरवाले आजही भेटले — आधी पवनचक्कीपाशी, मग तोफांपाशी. किल्ल्याच्या तटावर मी डावीकडून निघते, ते उजवीकडून. एका फेरीत दोनदा गाठ पडते. दोनदा मान हलवायची. दोन वर्षं झाली, एवढाच काय तो संसार! नावही ठाऊक नाही. गुडघा दुखरा, पण चाल फौजी. इथलेच निवृत्त अधिकारी असावेत. आमच्या कोपनहेगनात अनोळखी माणसाशी बोलायला एक तर बरोबर कुत्रा हवा, नाहीतर वीज तरी जायला हवी.

४ एप्रिल
थोरल्या बहिणीचा, बोडिलचा फोन. म्हणाली, "इंगर, किती दिवस नुसती मान हलवणार? उद्या मानच हलेनाशी होईल." मेलीची जीभ लहानपणापासून अशीच.

पण खरं आहे. मला त्यांच्याशी बोलायचंय. लिहून टाकलं एकदाचं! समोरून आले की मी घाबरते आणि पुढे सटकते. बरोबरीनं चालत असू तर हवापाण्याचं तरी बोलता येईल. ठरलं — उद्यापासून उलटी फिरणार, ते जातात त्याच बाजूनं.

५ एप्रिल
उलटी फिरले. ते आलेच नाहीत.

७ एप्रिल
आजही नाहीत. शोधत शोधत भरभर चालले, पाय भरून आले. मेला हा चांदणीसारखा पाच टोकांचा तट! टोकाला वळलेलं माणूस पलीकडे दिसतच नाही. बराकी लाल, टपालपेट्या लाल, आपला झेंडा लाल. मफलर तेवढा कुठे नाही.

राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घेतला आणि अर्धा टाकला. मी!

९ एप्रिल
तटावर पाय ठेवला तर खाली झेंडा अर्ध्यावर. कुणी गेलं की उतरवतात तसा. गेले! मी बाकावर बसले आणि चक्क रडले. नाव माहीत नसलेल्या माणसासाठी.

पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. मी नुसतं झेंड्याकडे बोट दाखवलं. तो गोंधळला. हळूच म्हणाला, "आजी, आज नऊ एप्रिल."

१९४० साली जर्मन देशात घुसले तो दिवस! दर वर्षी दुपारपर्यंत देशभर झेंडे अर्ध्यावरच असतात. शाळेत शिकवत असताना मीच पोरांना झेंड्याखाली उभं करायचे. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. हसू आलं. उठून भरभर फेरी मारली, पण ते काही दिसले नाहीतच.

१० एप्रिल
फिरलेच नाही. बाकावर बसून राहिले. मागून धापा टाकत लाल मफलर आला.

"तुम्ही उलट्या निघालात तेव्हापासून तुमच्या मागे आहे," ते म्हणाले. "पाठ दिसते आणि टोकाशी गायब. हा गुडघा पळू देत नाही."

जन्मभर पोरांना गणित शिकवलं मी! एकाच बाजूनं निघालेली माणसं समोर कशी येतील?

म्हटलं, "मग हाक मारायची."

"कुठल्या नावानं?"

सांगितलं.